मणिबेलीचा इतिहास कोणाच्या दप्तरात?

नर्मदा महाराष्ट्राच्या वाट्याला फार थोडी आली आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहून ती गुजरातेत शिरते. ह्या टापूत सातपुड्याचे डोंगर थेट पात्रापर्यंत उतरले आहेत. नदी जेथे महाराष्ट्राची हद्द सोडते, तेथे तिच्या डाव्या तीरावर अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे गाव होते. 'होते' असे लिहिताना संकोच वाटतो. कारण गावाचे नाव सरकारी यादीत आहे आणि डोंगराच्या वरच्या अंगाला वस्तीही राहिली. पण तेथील जुनी माणसे ज्याला आपले गाव म्हणत, ती काठावरची घरे, नदीलगतची गाळाची जमीन आणि शूलपाणेश्वराचे देऊळ हे सारे १९९३ च्या पावसाळ्यापासून टप्प्याटप्प्याने सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेले. महाराष्ट्रातील ३३ गावे ह्या धरणाने बाधित झाली. त्यांत पाण्याचा पहिला तडाखा सोसणारे गाव मणिबेली होय.

मणिबेलीवर लिहिले गेले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. वर्तमानपत्रांतील वार्तापत्रे, न्यायालयांतील शपथपत्रे, जागतिक बँकेसाठी झालेले अहवाल, आंदोलनाची पत्रके असा मोठा ढीग साचला आहे. परंतु हे जवळजवळ सारे लेखन १९८५ च्या पुढचे आहे. त्यामागचे मणिबेली शोधू गेल्यास कागद मुके होतात. गाव आहे, माणसे आहेत, शेती आहे, जत्रा भरते आहे. पण त्याची दखल कोणी घेतलेली नाही. ज्या गावाशी शासनाचा संबंध जंगलखात्याच्या शिपायापलीकडे फारसा नव्हता, त्या गावाची घरे, झाडे, गुरे आणि माणसे एकाएकी मोजली जाऊ लागली, ती ते गाव बुडवायचे ठरल्यावर.

ह्या लेखात मला मांडावयाचा मुद्दा हाच आहे. ज्या गावाचा लिखित इतिहास त्याच्या विस्थापनापासून सुरू होतो, त्या गावाने काय गमावले ह्याचा हिशोब कधीच नीट होऊ शकत नाही. म्हणून लहान गावाचा इतिहास लिहिणे ही केवळ हौशी संशोधकांची आवड मानून सोडून देता येणार नाही. तो त्या गावाच्या मालमत्तेचा दस्तऐवज असतो, आणि तो वेळीच लिहिला गेला नाही तर गावकऱ्यांचे प्रत्यक्ष आर्थिक नुकसान होते.

कागदापूर्वीचे गाव

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. सातपुड्यातील भिल्लांना आवरणे हे नव्या सरकारचे पहिले काम झाले. काही वर्षे केवळ बळाचा वापर करून झाल्यावर १८२५ मध्ये भिल्लांचीच एक पलटण उभारण्यात आली आणि तिची जबाबदारी औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याकडे देण्यात आली. डोंगरातील काठी, गंगठा, सिंगपूर यांसारख्या मेवासी संस्थानांच्या प्रमुखांशी वेगळे करार झाले. ह्या घडामोडी दप्तरांत आणि पुढे १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये सापडतात. परंतु त्या दप्तरांत नाईक आहेत, त्यांची बंडे आहेत, त्यांना बांधून दिलेल्या रकमा आहेत. नदीकाठी ज्वारी पेरणारा माणूस नाही. मेवासी मुलुख असल्यामुळे जमिनीची मोजणी आणि खातेफोड हीही उर्वरित खानदेशाच्या मानाने येथे फार उशिरा पोहोचली.

त्यानंतर आला तो जंगल कायदा. १८७८ च्या कायद्यान्वये जंगले राखीव करण्याचे काम सुरू झाले आणि डोंगर-उताराची जी जमीन आदिवासी कुटुंबे कसत होती, तिचा मोठा भाग कागदोपत्री सरकारचा झाला. कसणारा हलला नाही; तो जेथे होता तेथेच राहिला. मात्र कायद्याच्या भाषेत तो 'अतिक्रमणदार' झाला. पुढील शंभर वर्षांच्या सर्व दु:खाचे मूळ ह्या एका शब्दात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मणिबेलीचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक होते ते परिक्रमेमुळे. नर्मदेची प्रदक्षिणा करणारे यात्रेकरू शूलपाणीच्या झाडीतून जात आणि तेथे भिल्ल त्यांना लुटतात, ही गोष्ट परिक्रमेच्या वर्णनांतून पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. ह्या कथांत शूलपाणेश्वराचे माहात्म्य आहे, झाडीचे भय आहे. ज्यांच्या गावात ते देऊळ उभे होते त्या वसावे आणि तडवी कुटुंबांचे दर्शन मात्र लुटारू ह्या एकाच रूपात घडते. यात्रेकरूंच्या आठवणी ग्रंथबद्ध झाल्या. यात्रेकरूंविषयी गावाला काय वाटत होते, हे कोणी विचारल्याचे आढळत नाही.

तरीही हे गाव एक सुसंघटित अर्थव्यवस्था होती. उतारावर पावसाळी ज्वारी, मका, बाजरी, तूर, उडीद. त्यांच्या जोडीला मोर, बंटी यांसारखी बारीक धान्ये. पूर ओसरला की नदी जो गाळ ठेवून जाई, त्यात हिवाळ्याचे पीक. जंगलातून मोहाची फुले, चारोळी, डिंक, तेंदूची पाने, घरासाठी सागाचे खांब आणि बांबू. नदीतून मासे. शेळ्या-कोंबड्या घरोघरी. पेरणीला, घर शाकारण्याला, नवे घर उभारण्याला सारे गाव एकत्र येई. ह्या परस्परसाहाय्याच्या पद्धतीला 'लाह' म्हणतात. ज्याच्याकडे काम असेल त्याने त्या दिवशी जेवण द्यायचे, मजुरीचा व्यवहार नाही. याहामोगी ही देवता, होळी हा वर्षाचा मोठा सण, आणि सोयरीक दोन्ही तीरांवर. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक राज्याचे विभाजन होऊन नदीच्या पात्रातून दोन राज्यांची हद्द गेली, तेव्हा नदीपलीकडचा सोयरा गुजराती आणि अलीकडचा मराठी झाला. दोघांनाही त्याचा पत्ता असेल असे वाटत नाही.

माझा एक चुकलेला रकाना

येथे मला स्वत:ची एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९२ च्या हिवाळ्यात, अर्थशास्त्राचा तरुण अध्यापक असताना, मी दोन सहकाऱ्यांसह मणिबेलीला गेलो होतो. गावाला महाराष्ट्राच्या बाजूने मोटाररस्ता नव्हता; आम्ही गुजरातच्या बाजूने, धरणाच्या बांधकामाजवळून नावेने गेलो. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून गावात सत्याग्रह सुरू होता. आम्ही सत्याग्रही म्हणून गेलो नव्हतो. कुटुंबांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करण्यासाठी आम्ही एक छापील तक्ता तयार करून नेला होता, आणि त्या तक्त्याचा आम्हांला अभिमान होता.

एका वृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर बसून मी विचारले, 'बाबा, जमीन किती?' शाळेत शिकलेला एक तरुण माझा प्रश्न त्यांच्या भाषेत सांगत होता. बाबांनी उत्तर दिले ते एकरांत नव्हते. नाल्यापलीकडचे एक शेत, मोहाच्या झाडांखालचे एक, वर डोंगरावर दोन वर्षे कसून दोन वर्षे पडीक ठेवायचे एक, आणि नदी उतरल्यावर मिळणारे एक. प्रत्येकात किती बी लागते हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. वडिलांनी कोणते शेत केव्हा मोडले, छप्पनच्या दुष्काळात आजोबा कोठून येऊन कोठे राहिले, १९७० च्या महापुरात पाणी कोणत्या झाडापर्यंत आले होते, हेही सांगितले. छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, इसवी सन १८९९-१९०० चा. म्हणजे त्या ओसरीवर मला जवळजवळ शंभर वर्षांचा वहिवाटीचा इतिहास अर्ध्या तासात ऐकावयास मिळाला.

मी सातबाराचा उतारा मागितला. तो नव्हता. दोन दंडाच्या पावत्या होत्या, जंगलखात्याने कधी काळी दिलेल्या. त्या त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. माझ्या तक्त्यात 'धारण केलेले क्षेत्र' असा रकाना होता आणि त्याखाली 'भूमिहीन असल्यास खूण करा' असे छापले होते. मी खूण केली. उत्पन्नाच्या रकान्यात चारोळी आणि डिंक विकून आलेली रोख रक्कम लिहिली. मोह, मासे, गाळाचे पीक, लाहेत मिळालेले श्रम, फुकट मिळणारे पाणी, सरपण आणि चारा ह्यांसाठी रकानाच नव्हता. अशा रीतीने चार शेते कसणारा, घरी धान्याची कणगी असलेला गृहस्थ माझ्या अभ्यासात दारिद्र्यरेषेखालचा भूमिहीन म्हणून नोंदला गेला.

तो तक्ता कोणत्याही सरकारी निर्णयाचा आधार झाला नाही, एवढेच समाधान. पण सरकारी तक्तेही ह्याच धाटणीचे होते. माझी चूक ही माझ्या शास्त्राची चूक होती, हे कळण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली.

कागद आला तो असा

सरदार सरोवराचा इतिहास आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरी त्यातील काही टप्पे ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहेत. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच सुमारास केवडिया परिसरातील सहा गावांची जमीन प्रकल्पाच्या वसाहतीसाठी घेतली गेली. तीही १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. पाणीवाटपावरून राज्यांत तंटा झाला आणि १९६९ मध्ये लवाद नेमला गेला. लवादाने दहा वर्षे काम करून डिसेंबर १९७९ मध्ये निवाडा दिला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. पाण्याचे वाटप झाले. विजेपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला.

हा तंटा राज्याराज्यांतला होता आणि कायद्याप्रमाणे त्यात पक्षकार राज्येच होती. ज्या २४५ गावांची जमीन बुडणार होती, त्यांपैकी एकही गाव पक्षकार नव्हते. दहा वर्षे त्या नदीविषयी युक्तिवाद झाले, आणि नदीकाठचा माणूस त्यांत कोठेच नव्हता.

लवादाने पुनर्वसनाच्या अटी घातल्या, हे मान्य केले पाहिजे, आणि त्या काळाच्या मानाने त्या उदार होत्या हेही मान्य केले पाहिजे. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाणाऱ्या कुटुंबास किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन, सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब, आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याखेरीज बुडीत नाही, अशा त्या अटी होत्या. परंतु जमिनीच्या बदल्यात जमीन मिळावयाची तर आधी जमीन आहे हे सिद्ध व्हावयास हवे. सातपुड्यातील कुटुंबांच्या हातात सातबारा नव्हता. मग ती अतिक्रमणदार ठरली, आणि अतिक्रमणदार म्हणजे भूमिहीन. महाराष्ट्राच्या सुरुवातीच्या धोरणात भूमिहीनाच्या वाट्याला जेमतेम एक एकर येई. केवडियाच्या सहा गावांची गोष्ट आणखी विचित्र. त्यांची जमीन गेली होती, पण ती पाण्याखाली गेली नव्हती, म्हणून ती 'बुडीतग्रस्त' ह्या व्याख्येत बसत नव्हती.

ह्या परिस्थितीत ज्या पावत्या लोकांनी दंड भरून मिळविल्या होत्या, त्याच त्यांच्या वहिवाटीचा पुरावा ठरू लागल्या. ज्याला शिपायाने पकडले त्याच्याकडे पुरावा होता. ज्याने शिपायाला कोंबडी देऊन सुटका करून घेतली, त्याच्याकडे नव्हता. आदिवासीच्या हक्काचा एकमेव लेखी साक्षीदार त्याच्या 'गुन्ह्याची' नोंद असावी, ह्यापेक्षा आपल्या महसूल व्यवस्थेवर अधिक कठोर टीका करण्याची गरज नाही.

१९८६ मध्ये महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती स्थापन झाली, आणि पुढे नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्याचा इतिहास येथे सांगण्याची आवश्यकता नाही. मला त्यातील एका कमी चर्चिल्या गेलेल्या कामाकडे लक्ष वेधावयाचे आहे. आंदोलनाने पाड्यापाड्यांतून कोणाचे शेत कोठे, कोणाचे घर किती पातळीवर, कोण किती पिढ्या राहत आहे ह्याच्या याद्या केल्या. मोर्चांची छायाचित्रे छापून आली. ह्या याद्या छापण्याजोग्या नव्हत्या. पण शासनाच्या आकड्यांना आव्हान देता आले ते अशा याद्यांच्या बळावर. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये दिलेल्या अहवालात प्रकल्पाच्या पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे वाभाडे काढले. अतिक्रमणदार ठरविलेल्या आदिवासींचा प्रश्न त्या अहवालात ठळकपणे आला. मार्च १९९३ मध्ये उर्वरित कर्ज संपुष्टात आले. त्याच वर्षी मणिबेलीची घरे बुडाली. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना कर्जे देणे थांबवावे अशी मागणी करणारे एक जाहीरनामापत्र चाळीसहून अधिक देशांतील तीनशेहून अधिक संघटनांनी काढले, आणि त्याला नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. मोटाररस्ता नसलेल्या गावाचे नाव असे जगभर गेले.

पुढचा क्रम थोडक्यात सांगता येईल. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने बांधकामास परवानगी दिली. उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला.

लाभ मोजले, खर्च कोणी मोजावा?

कोणी म्हणेल, आता ह्या सगळ्याचा काय उपयोग? धरण झाले, कालव्यांतून पाणी वाहू लागले, कच्छ-सौराष्ट्रातील कोरड्या गावांना पिण्याचे पाणी मिळाले. मणिबेलीचे शे-दोनशे संसार एका पारड्यात आणि लाखो लोकांची तहान दुसऱ्या पारड्यात, असा हा प्रश्न आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याला तसेच उत्तर दिले पाहिजे. दुष्काळी भागातील माणसाची तहान खरी आहे. ती खोटी ठरवून विस्थापिताची बाजू बळकट होत नाही.

परंतु पारडी म्हटली की दोन्हींत काय घातले आहे हे पाहावे लागते. आपल्या महाराष्ट्रात धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंचनाचे फायदे केवळ पाणीपट्टीवरून मोजू नयेत, ते बाजारपेठेत, रोजगारात, वाहतुकीत कसे पसरतात हे पाहावे, ही दृष्टी तिने दिली. ही मोलाची शिकवण होती. आम्ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती लाभाच्या बाजूने चांगली आत्मसात केली. नुकसानही असेच अप्रत्यक्षपणे पसरते, हे मात्र आम्ही विसरलो. नदीकाठचा गाळ गेला म्हणजे हिवाळ्याचे पीक गेले. पीक गेले म्हणजे चारा गेला. चारा गेला म्हणजे शेळी गेली. आणि शेळी गेली म्हणजे आजारपणात विकायला काही उरले नाही. गाव विखुरले म्हणजे लाह गेली, आणि घर शाकारण्यासाठी प्रथमच मजुरी मोजावी लागली. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा लाभ जर हिशोबात येतो, तर नुकसानीची ही साखळीही यावयास हवी.

आमच्या शास्त्रात कॅल्डॉर आणि हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडलेले भरपाईचे तत्त्व आहे. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा होतो, ते जर तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या हिताचा समजावा, असे हे तत्त्व सांगते. तीस वर्षे मी ते वर्गात शिकविले. त्यातील 'करू शकत असतील' ह्या शब्दांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जात नाही, आणि शिक्षकही ते वेधत नाहीत. भरपाई प्रत्यक्ष केलीच पाहिजे असे हे तत्त्व म्हणत नाही. ती करता आली असती एवढे दाखविले की पुरे. वर्गात ही एक तांत्रिक सोय असते. मणिबेलीत ती सोय एका कुटुंबाचे उभे आयुष्य खाऊन टाकते. शिवाय भरपाई करता येईल की नाही हे ठरवायलासुद्धा तोटा किती हे माहीत असावे लागते. आणि तोटा तर माझ्या तक्त्यातील नसलेल्या रकान्यांत होता.

ही गोष्ट नर्मदेपुरती नाही, आणि आजची तर नाहीच नाही. शंभर वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात मुळा-निळा खोऱ्यात टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधावयाचे ठरले. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी मुळशीचा सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे नेते होते. तेथे मणिबेलीच्या उलट स्थिती होती: जमिनीला कागद होता, पण पुष्कळ जमिनीच्या कागदावर नाव पुण्याच्या सावकाराचे होते. मावळा कसत होता, धनको मालक होता. शेवटी जी भरपाई मिळाली तिचा मोठा भाग सावकारांच्या हाती गेला, आणि मावळा ज्या डोंगराला गेला तेथे त्याच्या मागे कोणी गेले नाही. मुळशीत कागद दुसऱ्याच्या नावाचा होता, मणिबेलीत कागद नव्हता. दोन्हीकडे जमीन गेली ती कसणाऱ्याची.

आठवण हाच पुरावा

मग करावयाचे काय? केवळ हळहळ व्यक्त करून लेख संपविणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण १९९२ मध्ये नव्हते असे एक साधन आज हाती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट हा त्यात हक्काचा पाया आहे. मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्न, चराई, गौण वनोपज ह्यांवरील सामूहिक हक्क त्यात धरले आहेत. कायदेशीर पुनर्वसन न मिळता ज्यांना हाकलले गेले, त्यांच्या हक्काचाही उल्लेख आहे. आणि ह्या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक गोष्ट आहे, जी वाचताना मला मणिबेलीची ती ओसरी आठवते: दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन. म्हाताऱ्या माणसाची आठवण हा आता कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे.

ह्याचा अर्थ असा की, गावाचा इतिहास लिहून काढणे हे आता हक्क मिळविण्याच्या कामाचाच भाग झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गावाने हे आधीच ओळखले होते. तेथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालत. जंगलात काय आहे, कोण काय वापरते, पूर्वी काय होते ह्याची नोंद गावानेच केली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याचे नाव लागले. तेथे गावाने आपले दप्तर आपणच ठेवले. शासनाचा माणूस तक्ता घेऊन येण्याची वाट पाहिली नाही.

नर्मदेच्या काठावर उरलेल्या आणि पुनर्वसन वसाहतींत गेलेल्या लोकांसाठीही हे काम अजून शिल्लक आहे. धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, गमण, बामणी ही मणिबेलीची शेजारगावे. जलाशयातील मासेमारीचा पहिला हक्क ह्या गावांच्या लोकांचा असावा, ही त्यांची मागणी न्याय्य आहे. कारण ज्या नदीवर त्यांची वहिवाट होती, तीच आता जलाशय झाली आहे. ती वहिवाट सिद्ध करावयाची तर कोणत्या डोहात कोणता पाडा मासे मारी, हे सांगणारी माणसे हयात असतानाच विचारले पाहिजे. छप्पनच्या दुष्काळाची गोष्ट आजोबांकडून ऐकलेली पिढी आता राहिलेली नाही. १९७० चा पूर पाहिलेली माणसे अजून आहेत.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी शेकडो विद्यार्थी अर्थशास्त्र आणि इतिहास विषय घेऊन पदव्युत्तर परीक्षा देतात, आणि प्रकल्प-अहवाल म्हणून ठरावीक विषयांवर ठरावीक पाने भरतात. नदीकाठच्या, खाणीजवळच्या, नियोजित महामार्गाच्या रेषेवरच्या एका गावाचा वहिवाटीचा इतिहास गावकऱ्यांसह लिहून काढावा आणि त्याची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी, एवढी एकच अट विद्यापीठांनी घातली तर किती काम होईल! त्यासाठी अनुदानाची गरज नाही. गरज आहे ती प्रश्नावली गावात बसून, गावाला विचारून तयार करण्याची. ग्रामसभांनीही आपणहून हे काम अंगावर घ्यावे. आणि प्रकल्पाच्या खर्च-लाभाच्या तक्त्यात गावाने स्वत: केलेली नोंद जोडल्याखेरीज त्या प्रकल्पाला मंजुरी देऊ नये, ही मागणी आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

त्या वृद्ध गृहस्थांना मी पुन्हा भेटू शकलो नाही. माझा तक्ता माझ्याकडे अजून आहे. त्यातील 'भूमिहीन' ह्या शब्दासमोरची खूण मी खोडली आहे आणि समासात त्यांनी सांगितलेली चारही शेते लिहून ठेवली आहेत. त्या शेतांवर आज पाणी आहे, त्यामुळे ह्या दुरुस्तीने त्यांना काही मिळणार नाही. परंतु जी गावे अजून पाण्याबाहेर आहेत, त्यांची शेते पाणी येण्यापूर्वीच लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.